निकालातला ‘शिकेनरी’ हा शब्द आणि चारशेवीसचा गुन्हा

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबांच्या शेतीच्या वाटपाचा हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा आदेश) वडिलांच्या बाजूने होऊन बरीच वर्षं झाली, पण ताबा अजून मिळालेला नाही. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याचं कामकाज, चालू आहे. तिच्यात अलीकडे इंग्रजीत एक आदेश झाला आणि त्यात चुलत्यांविषयी असं वाक्य आलं की त्यांनी ‘बाय शीअर शिकेनरी’ वादीला हुकूमनाम्याच्या फळापासून दूर ठेवलं आहे. ताईंनी मोबाइलवरच्या शब्दकोशात पाहिलं, अर्थ मिळाला ‘लबाडी, फसवणूक’. आता घरातली मंडळी म्हणतात, कोर्टानेच त्यांना फसवे ठरवलं, तर चारशेवीसचा गुन्हा दाखल करून टाकू. ताई विचारतात, या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

मी जळगावला कोर्टाच्या कागदपत्रांची इंग्रजी-मराठी भाषांतरं करतो. निकालाची नक्कल हातात धरून, एका शब्दावर बोट ठेवून “भाऊ, याना अर्थ काय शे?” असं विचारणारी माणसं माझ्याकडे नेहमी येतात. त्यांना अर्थ हवा असतोच, पण त्याहून जास्त हवं असतं ते हे, की या शब्दाच्या बळावर पुढे काय करता येईल. ताईंचा खरा प्रश्नही तोच आहे, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

आधी थोडक्यात. शिकेनरी म्हणजे शब्दांच्या, कलमांच्या आणि कामकाजाच्या नियमांच्या आडून केलेली लबाडी. तिच्यात माणूस धडधडीत खोटं बोलतोच असं नाही, कागद बनावट असतोच असंही नाही. तो नियम पाळल्यासारखं दाखवतो आणि नियमाचा हेतू मारून टाकतो. कायद्यातली फसवणूक ही वेगळी गोष्ट आहे, तिची व्याख्या ठरलेली आहे आणि ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. म्हणून या एका शब्दाच्या भरवशावर पोलीस ठाण्याची पायरी चढू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्या कागदांवर अवलंबून आहे. मी पूर्ण आदेश पाहिलेला नाही. न्यायाधीशांनी त्या वाक्याच्या आधी काय काय नोंदवलं आहे, यावर बरंच ठरतं. आधीच्या परिच्छेदांत ‘खोटी सही’, ‘बनावट दस्त’, ‘खोटं प्रतिज्ञापत्र’ असं काही आलं असेल तर चित्र बदलतं. तिथे फक्त वारंवार घेतलेल्या तहकुब्या, एकामागून एक आलेले अर्ज आणि हरकती एवढंच असेल, तर मी पुढे लिहितो ते तुम्हाला तंतोतंत लागू होईल.

आता शब्दाकडे. स्पेलिंग सी-एच-आय-सी-ए-एन-ई-आर-वाय असं आहे, पण उच्चार ‘चिकनरी’ नाही. सुरुवातीचा ‘सी-एच’ इथे ‘श’ होतो आणि जोर ‘के’वर पडतो, शि-के-नरी. ‘श’ येण्याचं कारण शब्द फ्रेंचमधून आला हे आहे. फ्रेंचमध्ये ‘शिकाने’ असं क्रियापद आहे, त्याचा अर्थ क्षुल्लक मुद्द्यांवरून हुज्जत घालणं, कोर्टकचेरीत शब्दाचा कीस काढणं. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि तेव्हापासून त्याला वकिली हुज्जतीचा वास आहे. मोटारींच्या शर्यतीत सरळ रस्त्यावर वेग कमी व्हावा म्हणून मुद्दाम नागमोडी वळणं ठेवतात, त्यांना ‘शिकेन’ म्हणतात, तो याच घराण्यातला शब्द. पुढे अर्थ थोडा पसरला. आज राजकारणातल्या, हिशेबातल्या, निवडणुकीतल्या कावेबाजपणालाही शिकेनरी म्हणतात. पण गाभा तोच राहिला आहे, आडवळणाने जाऊन समोरच्याला त्याच्या हक्कापासून लांब ठेवायचं आणि विचारलं तर म्हणायचं, “मी काय बेकायदा केलं, दाखवा.”

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, गौतमाने सोळा पदार्थ (विचाराचे विषय) सांगितले, त्यांत ‘छल’ हा एक आहे. बोलणाऱ्याच्या शब्दाचा त्याला नको असलेला अर्थ काढून त्याचं म्हणणं मोडायचं, म्हणजे छल. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. कुणी म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवी कांबळ आहे. समोरचा ‘नव’चा अर्थ नऊ घेतो आणि म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! हा वाक्छल. दुसरा प्रकार उपचारच्छल. ‘माळे ओरडताहेत’ असं म्हटलं तर माळ्यांवर बसून राखण करणारी माणसं ओरडताहेत हे शेतात वाढलेल्या कुणालाही कळतं. पण हुज्जतखोर म्हणतो, लाकडाचे माळे कसे ओरडतील? तिसरा सामान्यच्छल, एखाद्या मर्यादित विधानाला ताणून सगळ्यांना लावायचं आणि मग ते खोटं पाडायचं. आपल्या अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, या शास्त्रांची आस्था खानदेशात जुनीच आहे. मला या विवेचनातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शास्त्रकारांनी छल हा असत्याहून वेगळा ठेवला. छल करणाऱ्याने उच्चारलेलं वाक्य व्याकरणाने बरोबर असतं, शब्दाचा त्याने घेतलेला अर्थ कोशात असतो, आणि तरीही तो अप्रामाणिक असतो. शिकेनरी या शब्दाची हीच जागा आहे.

आता हे कोर्टात कसं दिसतं ते पाहू, कारण ताईंच्या आदेशातलं वाक्य तिथलंच आहे. वाटपाचा हुकूमनामा झाला की शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट स्वतः करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. म्हणजे कागद कोर्टातून जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून तहसीलला, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे. या रस्त्यावर थांबे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक थांब्यावर हरकत घ्यायला जागा आहे. एकाने म्हणायचं, मोजणीची नोटीस मला मिळाली नाही. ती पुन्हा निघाली की दुसऱ्या भावाने म्हणायचं, नोटिशीत गट नंबर बरोबर आहे पण माझं नाव अपुरं आहे. ते दुरुस्त झालं की तिसरा म्हणतो, विहीर सामाईक आहे, तिचा उल्लेख नाही. मग सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस पाहून, वाटप झालं नाही अशी तक्रार. मधेच एका प्रतिवादीचं निधन होतं आणि त्याचे वारस दाखल करायला कुणी तयार होत नाही. वारस दाखल झाले की त्यांचा नवा वकील वकीलपत्र दाखल करून अभ्यासासाठी मुदत मागतो. शेवटी एखादा तिऱ्हाईत उभा राहतो, यातला हिस्सा मी विकत घेतला आहे, माझं म्हणणं ऐका.

यातली एकेक हरकत सुटी घेतली तर तिच्यात गैर काही नाही. नोटीस मिळालीच पाहिजे, नाव बरोबर असलंच पाहिजे, विहिरीचा प्रश्न खरा असू शकतो. वाटप अन्यायाचं झालं तर दाद मागण्याचा हक्क चुलत्यांनाही आहे. म्हणून कुठलाही न्यायाधीश पहिल्या किंवा दुसऱ्या अर्जाला शिकेनरी म्हणत नाही. पण सगळ्या हरकती एका ओळीत मांडल्या, त्यांच्या तारखा पाहिल्या आणि प्रत्येक हरकत आधीची संपल्यानंतरच सुचलेली दिसली, की हेतू उघडा पडतो. विहीर काही काल खोदलेली नाही, मग विहिरीचा मुद्दा पहिल्याच दिवशी का नाही घेतला? न्यायाधीशांनी ‘शीअर’, म्हणजे निव्वळ, हे विशेषण जोडलं आहे ते यासाठी. निव्वळ आडमुठ्या डावपेचांनी, त्यात खरी तक्रार काहीच नाही, असं त्यांना म्हणायचं आहे.

अशा वागण्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कडक बोलून ठेवलं आहे. १९७७ साली टी. अरिवंदंदम विरुद्ध टी. व्ही. सत्यपाल या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे असाच प्रकार आला होता. जागा खाली करण्याचा आदेश झाल्यावर तो टाळण्यासाठी एकामागून एक दावे. त्यांनी सांगितलं की चतुर मसुद्याने दाव्याला कारण असल्याचा नुसता भास निर्माण केला असेल, तर कोर्टाने तो पहिल्याच सुनावणीत खुडून टाकावा. मसुदा चतुर आहे, कारण मात्र नाही. शिकेनरीचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू, फसवणूक. करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १७ मध्ये ‘फ्रॉड’ची व्याख्या आहे. जे खरं नाही हे माहीत असूनही खरं म्हणून सांगणं, माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं, पाळायचा इरादा नसताना वचन देणं, असे त्याचे प्रकार तिथे मोजून सांगितले आहेत. फौजदारीत चारशेवीस म्हणून ज्याला आपण ओळखतो ते भारतीय दंड संहितेचं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक आता तिच्या कलम ३१८ मध्ये आहे, जुन्या ४२०ची जागा ३१८(४)ने घेतली. त्या तारखेच्या आधी घडलेल्या कृत्यांना मात्र जुनीच कलमं लागतात. जुनं असो वा नवं, मुळाशी अट एकच आहे. कुणीतरी तुम्हाला खोट्यावर विश्वास ठेवायला लावलं पाहिजे आणि त्या विश्वासापोटी तुम्ही काही दिलं, सोडलं किंवा केलं पाहिजे, आणि त्यामागे अप्रामाणिक हेतू हवा. चुलत्यांनी तारखा घेतल्या, हरकती घेतल्या, तेव्हा तुमच्या वडिलांचा कशावर खोटा विश्वास बसला? कशावरच नाही. ते तर पहिल्यापासून विरोधात लढत होते. त्यामुळे चारशेवीसचा पायाच मिळत नाही.

दिवाणी दाव्यातसुद्धा ‘फ्रॉड’ असं मोघम लिहून चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल ४ प्रमाणे त्याचा तपशील द्यावा लागतो, काय केलं, कधी केलं, कसं केलं. कोर्टाची फसवणूक कशाला म्हणतात ते पाहायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ साली छापून आलेला चेंगलवराय नायडू खटला आहे. त्यात वादीने आपणच लिहून दिलेलं सोडपत्र (हक्क सोडल्याचा दस्त) कोर्टापासून दडवलं आणि वाटपाचा हुकूमनामा मिळवला. न्यायालयाने तो हुकूमनामा फसवणुकीने मिळवलेला म्हणून रद्दबातल ठरवला. फरक लक्षात घ्या. तिथे निकालाचा आधार ठरणारा कागदच लपवला होता. तुमच्याकडे जे दिसतंय त्यात लपवलेलं काही नाही, उघड्यावर वाट अडवली आहे.

कोर्टाबाहेरचं एक उदाहरण देतो, म्हणजे फरक नीट बसेल. समजा रावेर-सावद्याकडे कुणी केळीचा सौदा लिहून घेतला. कागदावर ओळ आहे, ‘भाव कटाईच्या दिवसाचा, कटाईचा दिवस खरेदीदाराच्या सोयीने’. शेतकऱ्याला वाटतं, मजूर आणि गाडी मिळण्याची सोय म्हणून लिहिलं असेल. मग भाव चढतो तेव्हा गाडी येत नाही आणि माल झाडावर तयार होत जातो. भाव पडतो त्या सकाळी गाडी बांधावर उभी. शेतकरी कागद काढतो तर खरेदीदार त्याच कागदावर बोट ठेवतो. ही शिकेनरी. सगळं लिहिलेलं आहे, सही आहे, फक्त ती ओळ ज्या हेतूने घातली तो हेतू लपवला होता. आता त्याच व्यवहारात काट्यात गडबड करून क्विंटलमागे वजन मारलं तर ते मापात पाप, ती सरळ फसवणूक, आणि तिच्यासाठी वैधमापन खातं आहे, पोलीस आहेत. पहिल्या प्रकारात दाद मागता येत नाही असं नाही, पण रस्ता वेगळा आणि सिद्ध करायच्या गोष्टी वेगळ्या. शेतकऱ्याचं नुकसान दोन्हीकडे सारखंच होतं, किंबहुना पहिल्या प्रकारात जास्त, कारण तिथे तो स्वतःलाच दोष देत बसतो की मी वाचून सही का केली नाही. हे मी फार जवळून पाहिलं आहे आणि मला त्याचा संताप येतो.

न्यायाधीशही माणसंच आहेत, त्यांनाही असा संताप येतो, आणि शिकेनरीसारखे शब्द त्यातून येतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१५ साली आरोग्यविम्याच्या कायद्यावरच्या किंग विरुद्ध बरवेल या खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी आपल्याच सहकाऱ्यांच्या बहुमताच्या निकालाला ‘जिगरी-पोकरी’ म्हटलं, म्हणजे कायद्याच्या अर्थाची हेराफेरी. एवढा मोठा शब्द वापरला म्हणून त्या सहकाऱ्यांवर कुठला आरोप ठेवला गेला नाही. तो निषेध होता. तुमच्या आदेशातला शब्दही निषेधाचा आहे. त्याला किंमत नक्की आहे, पण ती दोषसिद्धीची नाही.

मग ती किंमत कशी वसूल करायची? इथे मी वकील म्हणून सल्ला देत नाही, तुमच्या वकिलांशी बोलायचे मुद्दे देतो. दरखास्त लांबवली जात आहे हे कोर्टाने स्वतःच्या लेखणीने नोंदवलं, ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. राहुल शाह विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा आणि तसं जमलं नाही तर कारण लिहून नोंदवा, असं सांगितलं आहे. त्याचा आधार घेऊन दरखास्त जलद चालवण्याचा अर्ज देता येतो आणि त्या अर्जात हे वाक्य जसंच्या तसं टाकता येतं. खोट्या किंवा छळवादी हरकतीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली भरपाईचा खर्च मागता येतो, तो दरखास्तीलाही लागू आहे. मूळ कायद्यातली त्याची मर्यादा ३,००० रुपये म्हणजे आजच्या काळात फारच तोकडी, तरी आदेशात बसलेला खर्च पुढच्या हरकतीच्या वेळी बोलतो. मुद्दाम विलंब लावल्याबद्दल त्याच संहितेचं कलम ३५-ब आहे. मधेच उगवलेल्या खरेदीदाराने दावा चालू असताना हिस्सा घेतला असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ त्याच्या आड येतं, तो हुकूमनाम्याला बांधलेला असतो. आणि तुमच्या आदेशात खोट्या प्रतिज्ञापत्राचा उल्लेख असलाच, तर त्यासाठीही थेट पोलिसांकडे धावण्याआधी त्याच कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज करता येतो का ते विचारा. कोर्टासमोरच्या खोट्याची चौकशी कोर्टाने करावी यासाठीच ते कलम आहे.

आणखी एक, हे काळजीपोटी सांगतो. गावातल्या किंवा भाऊबंदकीच्या ग्रुपवर ‘कोर्टाने यांना फसवे ठरवलं’ असं लिहू नका. तुम्ही दिलेल्या वाक्यात ते शब्द नाहीत. शब्दकोशातला जवळचा अर्थ उचलून तुम्ही तसं पसरवलं, तर बदनामीची तक्रार करायची संधी उलट त्यांना मिळेल, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठी आहे. हातात आलेली बाजू अशी घालवू नका.

आता मराठी शब्द. एकच प्रतिशब्द सगळीकडे बसत नाही, संदर्भ पाहून निवडावा लागतो. कोर्टकामाच्या संदर्भात माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द ‘कज्जेदलाली’. ‘कज्जेदलाल’ हा जुना मराठी शब्द आहे, भांडणं पेटवून आणि कलमांचा कीस काढून जगणारा माणूस. मात्र हल्ली तो तरुण वाचकांना कळत नाही आणि त्यात दलाल असल्यामुळे भलताच अर्थ लागतो, म्हणून दाखल करायच्या भाषांतरात मी तो टाळतो. ‘शब्दच्छल’ सुंदर आहे, पण तो बोलण्यापुरता, अर्जांना लागत नाही. ‘छक्केपंजे’ बोलीत अगदी चपखल बसतो, लेखी भाषांतरात हलका वाटतो. ‘कपट’ जड होतो, कारण कपटात मनातलं विष येतं. ‘कारस्थान’ म्हटलं की चार जणांनी मिळून आखलेला कट डोळ्यापुढे येतो, शिकेनरी एकटा माणूसही करू शकतो. ‘फसवणूक’ तर कायद्याचा शब्दच आहे, तो कटाक्षाने टाळावा. तुमच्या वाक्याचं भाषांतर मी असं करीन: ‘प्रतिवादींनी निव्वळ कायदेशीर डावपेचांची लबाडी करून वादीला वर्षानुवर्षे हुकूमनाम्याच्या फळापासून वंचित ठेवले आहे.’ नुसतं ‘डावपेच’ लिहिलं तर निषेध निघून जातो, डावपेच चांगला वकीलही करतो. नुसती ‘लबाडी’ लिहिली तर ती कशाच्या आडून केली ते हरवतं. म्हणून दोन्ही शब्द लागतात.

ताईंनी प्रश्नाच्या शेवटी विचारलं आहे की धाकटा भाऊ बँकेच्या परीक्षेची तयारी करतो, त्याच्या यादीत याच अर्थाचे पाच-सहा शब्द आहेत, ते एकच का? एक नाहीत. ‘ट्रिकरी’ सगळ्यांत ढोबळ, कुठलीही चलाखी. ‘सबटरफ्यूज’मध्ये काहीतरी टाळायचं किंवा लपवायचं असतं, त्यासाठी घेतलेला बहाणा. ‘स्कलडगरी’ पडद्याआडची, अंधारातली बदमाशी, हा शब्द स्कॉटलंडकडच्या एका अश्लीलतेच्या अर्थाच्या शब्दावरून वळत आला आहे. ‘शेनॅनिगन्स’ हलका, खोडसाळपणाकडे झुकणारा. ‘गाइल’ ही कृती नव्हे, स्वभावातली धूर्तता. आणि ‘रूझ’ म्हणजे एकच नेमकी युक्ती, समोरच्याला चकवण्यासाठी रचलेली. रूझचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. असीरगड आज मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरजवळ आहे, पण तो खानदेशच्या फारुकी सुलतानांचा गड. फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या बखरीत अशी हकीकत येते की नासिरखान फारुकीने गडाचा धनी आसा अहीर याला निरोप धाडला, माझ्या जनान्याला आसरा दे. त्याने विश्वासाने दरवाजे उघडले आणि डोल्यांमधून बायकांऐवजी हत्यारबंद शिपाई उतरले. याला रूझ म्हणा, विश्वासघात म्हणा, शिकेनरी मात्र कुणी म्हणणार नाही, कारण इथे नियमाचा, कागदाचा, शब्दाच्या अर्थाचा आडोसा कुठेच नाही. सरळ खोटा निरोप आहे.

परीक्षेपुरतं व्याकरणही सांगून टाकतो. शिकेनरी हे बहुधा अगणनीय नाम म्हणून येतं, त्यामुळे त्याआधी ‘अ’ लावत नाहीत. एखादाच प्रकार सांगायचा तर ‘अ पीस ऑफ शिकेनरी’. क्रियापद ‘रिझॉर्ट टू’ किंवा ‘एंगेज इन’ लागतं, साधन म्हणून सांगायचं तर ‘थ्रू’ किंवा ‘बाय’. विशेषणं ठरल्यासारखी आहेत, ‘लीगल’, ‘पोलिटिकल’, ‘फायनान्शिअल’. शब्द भारदस्त आहे, लहान मुलाने चॉकलेट लपवलं याला तो लावू नये. पाकीटमाराला, चोराला, खोटी नोट चालवणाऱ्यालाही लावू नये.

ताई, पुढच्या तारखेआधी एक काम करा. आदेशाची प्रमाणित प्रत तर घ्याच, पण त्यासोबत दरखास्तीच्या रोजनाम्याचीही, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदींचीही, नक्कल काढा. त्यावरून एका कागदावर तारखा मांडा, कुठल्या दिवशी कुणी कोणता अर्ज दिला, त्या अर्जाचं काय झालं आणि पुढचा अर्ज किती दिवसांनी आला. न्यायाधीशांनी तो शब्द लिहिताना त्यांच्यासमोर हाच क्रम असणार. तो कागद वकिलांच्या हातात द्या आणि कुणी तिऱ्हाईत खरेदीदार उभा राहिला असेल तर त्याच्या खरेदीखताची तारीख दाव्याच्या आधीची की नंतरची, हे त्यावर ठळक लिहा.